संधिवात असलेल्या घरातील लसीची वही

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत गेले काही महिने एकच विषय वेगवेगळ्या रूपात येतो आहे. एक वाचक लिहितात, "अम्मींना आमवात आहे, आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी चालू आहे. पावसाळ्याआधी फ्लूची लस द्यावी म्हटले तर थोरले मामू म्हणतात, लसीने आजार उसळेल." कोकणातील एका भगिनीने विचारले आहे, "आम्हा दोघांचा हजसाठी नंबर लागला आहे. शिबिरात पोलिओचे थेंब पाजतात. सांध्यांसाठी मला जे इंजेक्शन चालू आहे, त्यावर हे थेंब चालतात का?" तिसरे पत्र एका तरुण आईचे आहे. गरोदरपणात तिला संधिवाताचे महागडे इंजेक्शन चालू होते. बाळ झाल्यावर डॉक्टरांनी बीसीजीची लस सहा महिने थांबवायला सांगितली. घरी मात्र सगळे म्हणतात, "असला डॉक्टर कुठे पाहिला, जो लसच देऊ नको म्हणतो?"

तिन्ही घरांत काळजी आहे आणि तिन्ही घरांत अर्धवट माहिती आहे. म्हणून या महिन्यात संधिवाताचे आजार, लसी आणि रोजचे जगणे यांविषयी सविस्तर लिहीत आहोत. कोणते औषध घ्या, कोणते सोडा हे आम्ही सांगणार नाही. ते काम तुमच्या डॉक्टरांचे आहे. डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचे, एवढे या लेखातून कळले तरी पुरे.

आधी आजार ओळखा

आपल्याकडे सांधा दुखला की सगळ्यालाच संधिवात म्हणतात. परंतु वयोमानाने गुडघ्यांची झीज होणे हा एक प्रकार झाला आणि शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटणे हा अगदी वेगळा प्रकार झाला. दादीजानचे गुडघे जिना चढताना दुखतात, बसल्यावर आराम पडतो, ही बहुधा झीज असते. तिच्यासाठी वेदनाशामक गोळी, मलम, व्यायाम असे उपचार असतात. या उपचारांनी प्रतिकारशक्ती कमी होत नाही. अशा व्यक्तीने आपल्या वयाच्या इतरांप्रमाणेच लसी घ्याव्यात, वेगळा विचार करण्याची गरज नाही.

दुसऱ्या प्रकारात आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस येतो. त्यात बोटांचे, मनगटाचे लहान सांधे दोन्ही बाजूंनी सुजतात. सकाळी उठल्यावर हात इतके आखडलेले असतात की मूठ वळत नाही, आणि हा ताठरपणा अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त टिकतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा आजार दुपटी-तिपटीने जास्त आढळतो आणि अनेकदा ऐन संसाराच्या वयात सुरू होतो. ल्युपस हा याच कुटुंबातला आजार. तो मुख्यतः तरुण मुलींना व स्त्रियांना होतो. त्यात सांधेदुखीबरोबर उन्हाने चेहऱ्यावर चट्टे येतात, केस गळतात, मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते. तरुण मुलांमध्ये अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस दिसतो. पहाटे कंबर ताठ होते आणि विश्रांतीपेक्षा हालचालीने बरे वाटते. या सर्व आजारांत प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी औषधे द्यावी लागतात. लसींचा प्रश्न येतो तो इथे.

लस जास्त गरजेची का?

मेथोट्रेक्सेट, लेफ्लुनोमाइड, अझाथायोप्रिन, स्टिरॉइड, तसेच अडॅलिमुमॅब, इटॅनरसेप्ट, रिटुक्सिमॅब यांसारखी बायोलॉजिक इंजेक्शने आणि टोफॅसिटिनिबसारख्या गोळ्या ही औषधे सांधे वाचवतात. पूर्वी ज्या स्त्रियांची बोटे वाकडी होऊन कायमची निकामी व्हायची, त्या आज या औषधांमुळे शाळेत शिकवतात, शिवणकाम करतात, घर चालवतात. मात्र ही औषधे जी प्रतिकारशक्ती आवरतात, तीच जंतूंशी लढणारी शक्ती असते. त्यात आजाराचाही वाटा असतो. म्हणून फ्लू, न्यूमोनिया, नागीण हे आजार या रुग्णांना सहज गाठतात आणि जास्त त्रास देतात. शेजारच्या घरातला फ्लू चार दिवसांत जातो. आपल्या घरातला रुग्ण त्याच फ्लूने इस्पितळात पोहोचू शकतो.

इथे एक इशारा द्यावासा वाटतो. अनेक घरांत डॉक्टरांच्या औषधाऐवजी कुठून तरी आणलेली पुडी घेतली जाते. दोन दिवसांत दुखणे गायब होते आणि पुडीवाल्याला दुआ मिळतात. अशा बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले अनेकदा आढळले आहे. घेणाऱ्याला वाटते, आपण जडीबुटी घेतो. प्रत्यक्षात त्याची प्रतिकारशक्ती खाली गेलेली असते, हाडे ठिसूळ होत असतात, साखर वाढत असते. लसीच्या वेळी "कोणती औषधे चालू आहेत?" असे विचारले, की या पुडीचेही नाव घ्यायला विसरू नका.

कोणत्या लसी चालतात, कोणत्या नाहीत

लसी दोन तऱ्हेच्या असतात, हे एकदा लक्षात ठेवले की अर्धा गोंधळ संपतो.

पहिल्या तऱ्हेत जंतू मारून टाकलेला असतो किंवा त्याचा केवळ एखादा तुकडा वापरलेला असतो. ही लस आजार निर्माण करूच शकत नाही. फ्लूचे इंजेक्शन, न्यूमोनियाची म्हणजे न्यूमोकोकलची लस, कावीळ ब, धनुर्वात, मेंदूज्वर, रेबीज, पोलिओचे इंजेक्शन, गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून संरक्षण देणारी एचपीव्ही लस, नागिणीची नवी लस या सर्व पहिल्या तऱ्हेच्या आहेत. आपल्याकडे कोरोनाकाळात दिलेल्या कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन यांतही शरीरात वाढू शकेल असा जंतू नव्हता. या लसी संधिवाताच्या रुग्णांना चालतात.

दुसऱ्या तऱ्हेत जंतू जिवंत असतो, फक्त कमजोर केलेला असतो. पोलिओचे तोंडावाटे देण्याचे थेंब, बीसीजी, गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर, रोटाव्हायरस, नाकात फवारायची फ्लूची लस या दुसऱ्या तऱ्हेच्या आहेत. निरोगी माणसाला त्या चालतात. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना मात्र त्या सर्वसाधारणपणे टाळल्या जातात, कारण कमजोर जंतूही अशा शरीरात डोके वर काढू शकतो. एखादी जिवंत लस घेणे अगदीच गरजेचे असेल, तर ती औषधे सुरू होण्यापूर्वी किमान चार आठवडे घेतात.

फ्लूची लस दर वर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो. महाराष्ट्रात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो आणि हिवाळ्यात तो पुन्हा डोके काढतो. लसीचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. त्यामुळे एप्रिल-मे हा योग्य काळ. न्यूमोनियाच्या लसींचे प्रकार आहेत. काहींत एक लस घेऊन किमान आठ आठवड्यांनी दुसऱ्या प्रकारची घ्यावी लागते, तर काही नव्या प्रकारांत एकच डोस पुरतो. कावीळ ब ची तपासणी औषधे सुरू होण्यापूर्वीच करून घ्यावी. शरीरात लपलेली ही कावीळ या औषधांनी उलटू शकते. तपासणीत आजार नसेल तर लस घेऊन टाकावी.

नागिणीबद्दल आपल्याकडे एक समज आहे, की तिची दोन टोके कमरेभोवती जुळली तर माणूस दगावतो. हा निव्वळ समज आहे. लहानपणी होऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू नसांत दडून बसतो आणि प्रतिकारशक्ती कमी झाली की पुन्हा उठतो, ती नागीण. पुरळ गेल्यावरही तिची आग महिनोन्महिने राहू शकते. टोफॅसिटिनिबसारख्या गोळ्या घेणाऱ्यांत तिचे प्रमाण जास्त असते. तिच्यावरची जिवंत जंतू नसलेली लस २०२३ पासून भारतात मिळते. तिचे दोन डोस असतात. ती खिशाला जड आहे हे खरे, पण ज्यांना या गोळ्या सुरू व्हायच्या आहेत त्यांनी डॉक्टरांशी तिच्याबद्दल अवश्य बोलावे.

कुत्रे चावल्यास मात्र कसलाही विचार करत बसू नये. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी आणि "मला प्रतिकारशक्तीची औषधे चालू आहेत" हे स्पष्ट सांगावे. अशा रुग्णांना साध्या ओरखड्यासाठीही लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन लागते.

लस आणि गोळी यांचा मेळ

प्रतिकारशक्ती दाबलेली असताना लसीचा असर थोडा कमी होतो. म्हणून वेळ साधणे महत्त्वाचे. शक्य असेल तर औषधे सुरू होण्याआधीच लसी उरकाव्यात. मात्र आजार भडकलेला असताना लसींसाठी औषध लांबवणे हाही नुकसानीचा सौदा आहे. सांधा एकदा खराब झाला की तो मागे येत नाही.

अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने, अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने, २०२२ मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. त्यांचे सार असे: फ्लूची लस घेतल्यावर आजार आटोक्यात असेल तर मेथोट्रेक्सेट दोन आठवडे थांबवावी, म्हणजे लस अधिक चांगली लागू पडते. इतर निष्क्रिय लसींसाठी ती थांबवण्याची गरज नाही. रोज २० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन चालू असेल तर फ्लूची लस तरीही घ्यावी, बाकीच्या लसी डोस कमी होईपर्यंत पुढे ढकलाव्यात. रिटुक्सिमॅब चालू असेल तर फ्लूची लस हंगामात मिळेल तेव्हा घ्यावी. बाकीच्या लसी पुढच्या इंजेक्शनची वेळ जवळ आली असताना घ्याव्यात आणि मग ते इंजेक्शन किमान दोन आठवडे लांबवावे.

हे वाचून कुणीही स्वतःहून गोळी बंद करू नये. दोन आठवडे थांबायचे की नाही हे तुमचा आजार किती शांत आहे यावर ठरते आणि ते डॉक्टरच ठरवतील. स्टिरॉइडची गोळी तर कधीही अचानक तोडू नये. शरीराने स्वतःचे स्टिरॉइड बनवणे कमी केलेले असते, त्यामुळे गोळी एकदम थांबली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते.

हजला जाताना

आता कोकणातील भगिनीच्या प्रश्नाकडे येऊ. हजसाठी सौदी सरकारने मेंदूज्वराची चार प्रकारांवर काम करणारी लस सक्तीची केली आहे आणि ती तेथे पोहोचण्यापूर्वी किमान दहा दिवस घेतलेली असावी लागते. ही लस पहिल्या तऱ्हेची आहे. संधिवाताच्या रुग्णाने ती निर्धास्त घ्यावी. फ्लूची लसही घ्यावी. मीना आणि अराफातच्या गर्दीत सर्दी-खोकला किती जणांना गाठतो, हे हजहून आलेल्या कोणत्याही हाजीला विचारा.

आपल्याकडील हज शिबिरांत पोलिओचे थेंबही पाजले जातात. हे थेंब जिवंत जंतूंचे असतात. मेथोट्रेक्सेट, स्टिरॉइडचा मोठा डोस किंवा बायोलॉजिक चालू असलेल्या यात्रेकरूने रांगेत तोंड उघडण्यापूर्वी तेथील डॉक्टरांना आपली औषधांची चिठ्ठी दाखवावी. पोलिओची इंजेक्शनवाटे देण्याची लसही असते आणि अशा व्यक्तीसाठी तीच योग्य. ऐन शिबिरात धावपळ होऊ नये म्हणून महिना-दीड महिना आधी आपल्या संधिवाततज्ज्ञांकडून पत्र घ्यावे. त्यात आजाराचे नाव, औषधे आणि "जिवंत लस देऊ नये" असे लिहून घ्यावे. नियम वर्षागणिक बदलू शकतात, म्हणून त्या वर्षीच्या हज कमिटीच्या सूचना वाचाव्यात.

औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत, मोठ्या बॅगेत नको. अडॅलिमुमॅबसारखी इंजेक्शने थंड ठेवावी लागतात, त्यांच्यासाठी बर्फाच्या पिशवीचा डबा आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असावी. तवाफ आणि सईसाठी चाकाची खुर्ची घेण्यात कमीपणा मानू नये. ताकद राखून ठेवली तर अराफातच्या दिवशी कामी येते.

घरातील मुले आणि नवे बाळ

घरात असा रुग्ण असेल तर बाकीच्यांनी लसी घेणे ही त्याच्यासाठी भिंत उभारण्यासारखी गोष्ट आहे. फ्लूची लस सून, मुलगा, नातवंडे सर्वांनी घ्यावी. मुलांना गोवर-रुबेलाची लसही वेळेवर द्यावी, तिचा घरातील रुग्णाला धोका नसतो.

अपवाद पोलिओच्या थेंबांचा आहे. थेंब घेतलेल्या बाळाच्या शौचातून तो विषाणू काही आठवडे बाहेर पडतो. 'युलार' या युरोपातील संघटनेने २०१९ च्या सूचनांत म्हटले आहे, की घरच्यांना सर्व लसी द्याव्यात, तोंडावाटे द्यायची पोलिओची लस मात्र टाळावी. धोका फार लहान आहे, म्हणून पल्स पोलिओच्या दिवशी दार लावून घेण्याचे कारण नाही. बालरोगतज्ज्ञांना घरातील रुग्णाबद्दल सांगावे आणि इंजेक्शनवाटे लस देता येईल का ते विचारावे. थेंब दिलेच गेले, तर काही आठवडे बाळाचे लंगोट रुग्णाने बदलू नयेत. जो बदलेल त्याने साबणाने हात धुवावेत. रोटाव्हायरसच्या थेंबांनंतरही चार आठवडे हीच खबरदारी.

घरात कुणाला कांजिण्या झाल्या आणि रुग्णाला त्या पूर्वी कधी झाल्या नसतील, तर पुरळ दिसण्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. सुरुवातीच्या दिवसांत उपाय करता येतात.

तरुण आईच्या पत्राचे उत्तर असे: तुमचे डॉक्टर बरोबर आहेत. गरोदरपणाच्या उत्तरार्धात बायोलॉजिक इंजेक्शन चालू असेल तर त्याचा अंश बाळाच्या रक्तात उतरतो आणि काही महिने राहतो. बीसीजी ही जिवंत लस असल्याने अशा बाळाला ती पहिले सहा महिने न देण्याची शिफारस 'युलार'नेही केली आहे. ही टाळाटाळ नव्हे, पुढे ढकलणे आहे. कावीळ ब सारख्या निष्क्रिय लसी मात्र ठरल्या वेळी द्या. पोलिओ आणि रोटाव्हायरसच्या थेंबांबद्दल बालरोगतज्ज्ञांना वेगळे विचारा. लसीकरणाच्या कार्डावर "आईला अमुक इंजेक्शन चालू होते" अशी ठळक नोंद करून घ्या, म्हणजे दुसऱ्या दवाखान्यात कुणी नकळत सुई टोचणार नाही.

जिच्या लग्नाची किंवा मुलाची तयारी चालू आहे, तिने मेथोट्रेक्सेट व लेफ्लुनोमाइडबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलावे. ही औषधे गर्भाला घातक आहेत. गरोदर राहण्यापूर्वी ती बदलावी लागतात आणि त्याला वेळ लागतो. निकाहच्या बोलणीत आजार लपवला, की सासरी गोळ्याही लपवून घ्याव्या लागतात. मग गोळ्या चुकतात, तपासण्या राहतात, आणि गरोदरपण नकळत येते. आजार सांगून ठरलेले नाते मुलीच्या सांध्यांनाही सोसते.

मनातील शंका

लसीने आजार उसळतो का? आजवरच्या अभ्यासांत निष्क्रिय लसींमुळे संधिवात लक्षणीय भडकल्याचे दिसलेले नाही. दंड दुखणे, एक-दोन दिवस कसकस, अंगदुखी हे होते. त्यासाठी पॅरासिटामॉल पुरते. याच्या उलट, खरा फ्लू किंवा न्यूमोनिया झाला तर सांध्यांची औषधे थांबवावी लागतात आणि त्या काळात आजार खरोखरच उसळतो. मामूंना हे समजावून सांगावे.

लसीत हराम घटक असतात का? काही लसींत, उदाहरणार्थ गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांच्या काही लसींत, जिलेटिन वापरतात आणि ते डुकरापासूनचे असू शकते. १९९५ मध्ये कुवेतच्या इस्लामिक ऑर्गनायझेशन फॉर मेडिकल सायन्सेस या संस्थेने भरवलेल्या परिषदेत उलेमा आणि वैद्यकतज्ज्ञांनी यावर विचार केला. मूळ पदार्थाचे स्वरूप पूर्णपणे बदलले, ज्याला फिकहमध्ये इस्तिहाला म्हणतात, तर असे जिलेटिन वापरता येते, असा निर्णय तेथे झाला. लस टोचण्याची कल्पनाही आपल्याला परकी नाही. युरोपात देवीची लस येण्यापूर्वी उस्मानी तुर्कस्तानातील स्त्रिया देवीच्या फोडांतील द्रव टोचून मुलांना वाचवत असत. इस्तंबूलमधील इंग्रज वकिलाच्या पत्नीने १७१८ मध्ये आपल्या मुलाला तसेच टोचून घेतले आणि ती पद्धत इंग्लंडला नेली.

रोजात लस घेता येते का? २०२१ च्या रमजानमध्ये कोरोना लसीच्या निमित्ताने हा प्रश्न आला, तेव्हा सौदी अरबच्या मुफ्ती-ए-आझमांनी आणि लखनौच्या फिरंगी महल येथील दारुल इफ्ताने इंजेक्शनने रोजा तुटत नाही असे सांगितले होते. ते स्नायूत जाते, पोटात नाही. तरी मन धजत नसेल तर इफ्तारनंतर घ्यावी.

नमाज, वजू, रोजा

हिवाळ्यात फज्रच्या वेळी गार पाण्याने वजू करताना बोटे पांढरी-निळी पडून बधिर होत असतील, तर ते केवळ थंडीचे लक्षण समजू नये. ल्युपस आणि तत्सम आजारांत बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात. पाणी कोमट करून घ्यावे, वजूनंतर हात-पाय लगेच कोरडे करून मोजे घालावेत. ज्यांना वाकून पाय धुणे जड जाते त्यांच्यासाठी चामडी मोज्यांवर मसह करण्याची सवलत आहे. वजू असताना मोजे घातले, तर मुक्कामी असणाऱ्याला एक दिवस-रात्र आणि मुसाफिराला तीन दिवस-रात्री ती चालते. पाण्याने खरोखरच अपाय होत असेल तर तयम्मुम आहे. आपल्या परिसरातील आलिमांना विचारून घ्यावे.

गुडघे वाकत नसताना ओढूनताणून सजदा करण्याने सांध्याची सूज वाढते. इम्रान बिन हुसैन (रजि.) आजारी असताना पैगंबर मुहम्मद (स.) यांनी त्यांना उभे राहता येत नसेल तर बसून आणि तेही जमत नसेल तर कुशीवर नमाज अदा करण्याची मुभा दिली होती, ही हदीस सर्वांना माहीत आहे. तरी अनेक बुजुर्ग खुर्चीवर बसायला लाजतात. मशिदीत मागे चार खुर्च्या ठेवल्या जाव्यात आणि त्यावर बसणाऱ्याकडे कुणी तिरप्या नजरेने पाहू नये, एवढे तर आपण करू शकतो.

कुरआनने आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत दिली आहे. आजार आटोक्यात असलेले अनेक रुग्ण रोजे ठेवतात. त्यांनी रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळा सहरी-इफ्तारप्रमाणे बसवून घ्याव्यात. वेदनाशामक आणि स्टिरॉइड रिकाम्या पोटी घेऊ नयेत. दिवसभर पाणी नसताना वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडावर भार टाकतात, म्हणून इफ्तार ते सहरी भरपूर पाणी प्यावे. ल्युपसने मूत्रपिंड दुखावलेले असेल, ताप असेल किंवा आजार भडकलेला असेल, तर सवलत घ्यावी. ती अल्लाहने दिलेली आहे.

मेथोट्रेक्सेटविषयी ठळकपणे लिहितो: ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली गेल्याने माणसे दगावली आहेत. एक दिवस ठरवा. जुम्मा ठरवलात तर विसर पडणार नाही. फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या दुसऱ्या दिवशी घ्या. तोंडात फोड आले, ताप आला, अंगावर निळे डाग दिसले तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना गाठा. रक्त, यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या सांगितलेल्या तारखेला करा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्यांनी डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही चुकवू नये.

स्वयंपाकघर आणि घरची माणसे

आमवाताचे दुखणे दिसत नाही. सूज थोडी असते, चेहरा ठीक असतो. सकाळी सातला जी सून चहाचे पातेले उचलू शकत नाही, ती अकराला भाजी चिरताना दिसते. मग घरात बोलले जाते, "सकाळीच बरे दुखते हिला." हा ताठरपणा पहाटेच जास्त असतो, हे आजाराचे लक्षणच आहे. सकाळचे काम तासभर पुढे सरकवले, पहिला चहा घरातील दुसऱ्या कुणी केला, कोमट पाण्यात दहा मिनिटे हात बुडवू दिले, तर तीच बाई दिवसभर उभी राहते.

कणीक मळणे, धुणे पिळणे, बिर्याणीचा टोप उतरवणे ही बोटांना मोडणारी कामे आहेत. ती मुलगे, पती, दीर करू शकतात. पैगंबर (स.) घरातील कामे स्वतः करत असत हे आपण सीरतच्या जलशांत ऐकतोच. जाड मुठीची सुरी, कळ दाबून उघडणारा नळ, दोन कानांचे हलके पातेले, बसायला उंच स्टूल, शौचालयात कमोड आणि भिंतीला दांडी, हा खर्च एकदाच होतो. मांस, खिमा, अंडी नीट शिजवून द्यावीत, दूध उकळून घ्यावे.

ताप आला किंवा खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला तर घरगुती काढ्यावर थांबू नये. बायोलॉजिक घेणाऱ्यांत दडलेला क्षयरोग उठू शकतो, म्हणूनच ही इंजेक्शने सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करतात. लहानपणी बीसीजी घेतली होती, म्हणून मोठेपणी निर्धास्त राहता येत नाही.

शेवटी ती वही

एक शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर आजाराचे नाव, डॉक्टरांचा फोन, चालू औषधे आणि त्यांचे डोस लिहा. दुसऱ्या पानावर लसी: फ्लू कोणत्या महिन्यात घेतली, न्यूमोनियाची कोणती व कधी, कावीळ ब चे किती डोस झाले, धनुर्वाताची शेवटची कधी. तिसऱ्या पानावर मोठ्या अक्षरात "जिवंत लस विचारल्याशिवाय देऊ नये" असे लिहा. चौथ्या पानापासून रक्ततपासण्या. पुढच्या भेटीत वही उघडून डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: माझ्या औषधांवर आत्ता कोणत्या लसी घ्यायच्या? त्यासाठी कोणती गोळी थांबवायची, किती दिवस? घरातील कुणी कोणती लस घ्यावी किंवा टाळावी?

ही वही घरातील दोघांना तरी ठाऊक असावी. रात्री-अपरात्री इस्पितळात न्यावे लागले, तर रुग्णाला बोलता येईलच असे नाही. तिथे ही चार पाने त्याच्या वतीने बोलतील.

ज्यांच्या घरी अशी दुखणी आहेत, त्यांना अल्लाह शिफा देवो आणि सेवा करणाऱ्यांना सबर देवो. आमीन.